ट्राम आणि हलकी रेल्वे

कळव्यात राहणाऱ्या मोठ्या माणसांना खारेगावचे रेल्वे फाटक चांगले आठवते. कळव्याच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना रूळ ओलांडण्याचा तो रस्ता होता. फाटक पडले, की दोन्ही बाजूंना रिक्षा, टेम्पो, स्कूटर आणि पायी जाणारी माणसे थांबत. एक लोकल जाई, तोवर दुसरी येई, आणि फाटक काही उघडत नसे. घाईत असलेली माणसे दांडीखालून वाकून रूळ ओलांडत. त्यात किती धोका होता, हे सांगायला नकोच. फाटक उघडले, की उलटा प्रकार होई. वाहनांची रांग संपता संपत नसे. तिच्यामुळे फाटक वेळेवर बंद करता येत नसे आणि येणारी लोकल सिग्नलपाशी खोळंबून राही. तिच्यामागे दुसरी थांबे, दुसरीमागे तिसरी. कळव्याच्या एका फाटकामुळे डोंबिवली-कल्याणच्या माणसांना कामावर पोहोचायला उशीर होई. शेवटी तेथे रुळांवरून जाणारा पूल बांधला गेला. जानेवारी २०२२ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला.

मुलांनो, ही फाटकाची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. रूळ आणि रस्ता एकाच पातळीवर एकमेकांना भेटले, की कोणाला तरी थांबावे लागते. कोणी थांबायचे? गाडीने की रस्त्याने? शहरात रुळांवरून धावणाऱ्या वाहनांचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. ट्राम आणि हलकी रेल्वे या दोन वाहनांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर तुम्हांला त्यांत फारसा फरक दिसणार नाही. दोन्ही विजेवर चालतात, दोन्हींच्या डोक्यावर तार असते, दोन्हींची चाके पोलादी असतात. फरक कळण्यासाठी गाडीकडे कमी आणि तिच्या खालच्या जमिनीकडे जास्त पाहावे लागते.

आधी ट्रामचे पाहू. अमेरिकेत तिला ‘स्ट्रीटकार’ म्हणतात, म्हणजे रस्त्यावरची गाडी. हे नाव फार नेमके आहे. आपल्याकडे मात्र ‘ट्राम’ हाच शब्द रुळला. मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली. तेव्हा तिला वीज ठाऊक नव्हती. तिला घोडे ओढत. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीलाच जाई. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाचे भाडे सुरुवातीला तीन आणे होते. सोळा आण्यांचा एक रुपया, हे तुमच्या आजी-आजोबांना पाठ असेल. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते, असे सांगतात. एवढ्या घोड्यांचा दाणा-वैरण आणि निगा यांवर किती खर्च होत असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

गाडी घोड्यांनीच ओढायची, तर मग रूळ कशाला हवेत? त्या काळच्या रस्त्यावर खडी, धूळ आणि पावसाळ्यात चिखल असे. अशा रस्त्यावर चाक रुतते, घासते आणि घोड्याची निम्मी ताकद त्यातच जाते. गुळगुळीत पोलादी रुळावरून पोलादी चाक मात्र फार थोड्या जोराने पुढे सरकते. त्यामुळे तेच घोडे रुळांवर कितीतरी जड गाडी ओढू शकतात. कॅरमच्या पाटावर बोरिक पावडर टाकली, की सोंगटी कशी सरकते, ते आठवा. पुढे वीज आली, तरी रुळांचा हा फायदा तसाच राहिला. थोड्या विजेत पुष्कळ माणसे वाहून नेता येतात, म्हणून आजही जगभर शहरांत रूळ टाकले जातात.

पण ट्रामच्या रुळांची एक खास गोष्ट आहे. आगगाडीचे रूळ जमिनीच्या वर उठून दिसतात. खाली खडी असते, स्लीपर असतात. ट्रामचे रूळ रस्त्यात पुरलेले असतात. त्यांचा माथा रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर असतो आणि त्याच्या एका कडेला खाच ठेवलेली असते. चाकाची कडा त्या खाचेतून जाते. त्यामुळे ट्राम निघून गेली, की त्याच जागेवरून टांगा, बैलगाडी, मोटार किंवा पायी जाणारा माणूस सहज जाऊ शकतो. रस्ता सर्वांचा होता आणि ट्राम त्या सर्वांतली एक होती. तिची सोय यातच होती आणि पुढे तिच्यावर संकट आले तेही यातूनच.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. घोडे गेले. डोक्यावर तार आली आणि छतावरून त्या तारेला टेकलेली दांडी आली. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. ट्राम कंपनीच वीज पुरवीत असे. १९४७ मध्ये ही कंपनी मुंबई महापालिकेने आपल्याकडे घेतली. आज आपण जिला ‘बेस्ट’ म्हणतो, ती हीच. तिच्या नावातला शेवटचा ‘टी’ पूर्वी ‘ट्रामवेज’चा होता, तो पुढे ‘ट्रान्सपोर्ट’चा झाला. ट्रामचा आणखी एक अवशेष आजही लोकांच्या तोंडी आहे. दादर पूर्वेच्या चौकाला बसवाले आणि टॅक्सीवाले ‘दादर टीटी’ म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामचा शेवटचा थांबा. तेथे ट्राम थांबायची बंद होऊन साठ वर्षे झाली, तरी नाव गेले नाही.

ट्राम स्वस्त होती. थांबे जवळजवळ होते. जमिनीपासून दोन पायऱ्या चढल्या, की आत. गिरणीत जाणारा कामगार, बाजारात जाणारी बाई, शाळेत जाणारा मुलगा, सगळ्यांना ती परवडे. मग ती बंद का झाली?

त्याचे कारण असे. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत मोटारबस सुरू झाली. त्यानंतर रस्त्यावर मोटारी, लॉऱ्या, टॅक्सी वाढत गेल्या. रस्ते मात्र तेवढेच राहिले. आता एखादी हातगाडी रुळावर अडली, असे समजा. बसचा चालक चाक वळवून बाजूने जाईल. ट्रामचा चालक काय करणार? त्याच्या हातात वळवायला चाकच नाही. तो पायाने घंटा वाजवीत राहणार. त्याच्यामागची ट्राम थांबणार आणि तिच्यामागचीही. शिवाय पोलादी चाक पोलादी रुळावर जसे सहज सरकते, तसेच ते सहज थांबत नाही. म्हणून गर्दीच्या रस्त्यात ट्रामच्या चालकाला आधीपासूनच वेग कमी ठेवावा लागतो. मोटारवाले म्हणू लागले, ‘ट्रामने रस्ता अडवला.’ ट्राममधले लोक म्हणू शकले असते, की मोटारींनी ट्रामचा रस्ता अडवला. पण त्यांचे कोण ऐकणार? एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. बहुतेक ठिकाणी तिचे रूळ उखडण्याऐवजी त्यांवर डांबर घातले गेले. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनजवळ खोदकाम चालू असताना ते रूळ पुन्हा उजेडात आले.

माझ्या मते ट्राम हे वाहन वाईट नव्हते. तिची जागा तिच्याजवळ राहिली नाही, एवढेच. कोलकात्याचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तेथे पहिली ट्राम १८७३ मध्ये, म्हणजे मुंबईच्याही एक वर्ष आधी धावली. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कानपूर या शहरांतील ट्राम बंद झाल्या, तरी कोलकात्याची चालू राहिली. त्या शहरातील काही रस्त्यांवर ट्रामला मधोमध स्वतंत्र पट्टा होता. त्यावर मोटारी येत नसत. पुढे त्या पट्ट्यांवर काँक्रीट घालून ते मोटारींनाही मोकळे करण्यात आले. मग ट्राम तेथेही गर्दीत अडकू लागली आणि प्रवासी तिला सोडून जाऊ लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने जाहीर केले, की वारसा म्हणून एक छोटा मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करणार.

आता हलक्या रेल्वेकडे वळू. इंग्रजीतील ‘लाइट रेल’ हा शब्द १९७२ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला. ‘लाइट’ म्हणजे हलकी, हे खरे. पण नावावरून फसू नका. गाडी वजनाला हलकी असते, असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहरातल्या हलक्या रेल्वेचा एक रिकामा डबा चाळीस टनांहून जड असतो. येथे ‘हलकी’ म्हणजे आपल्या लोकलसारख्या किंवा मेट्रोसारख्या मोठ्या रेल्वेच्या मानाने कमी माणसे नेणारी आणि कमी बांधकामात उभी राहणारी. तिच्यासाठी सगळीकडे उंच खांब किंवा भुयारे लागत नाहीत. मोठमोठी स्थानकेही लागत नाहीत.

मग ती ट्रामच झाली ना, असे तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. हलकी रेल्वे ही ट्रामचीच मुलगी आहे. पण आईला जे मिळाले नाही, ते या मुलीने पहिल्यापासून मागून घेतले. ते म्हणजे रस्त्याचा हक्क. ‘हक्क’ हा शब्द तर तुमच्या घरचाच आहे. मराठीनेही तो कधीचाच आपला मानला आहे. हलक्या रेल्वेच्या रुळांवर दुसरे वाहन येऊ शकत नाही. रूळ रस्त्याच्या मध्यात असले, तरी त्यांच्या दोन्ही बाजूंना कठडा किंवा कुंपण असते. काही ठिकाणी ते जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवरून किंवा महामार्गाच्या कडेने जातात. चौकात मात्र रस्ता ओलांडावाच लागतो. तेथे गाडी जवळ आली, की सिग्नल तिच्यासाठी हिरवा होतो आणि मोटारी थांबतात. खारेगावच्या फाटकाशी जो झगडा रोज चाले, त्याचा निकाल येथे आधीच लावलेला असतो.

या एका गोष्टीतून बाकीचे फरक आपोआप निघतात. वाट मोकळी असली, की गाडी वेगाने धावू शकते. वेगाने धावायचे, तर थांबे फार जवळ ठेवून चालत नाही. म्हणून ट्रामचे थांबे साधारण दोन-तीनशे मीटरवर असतात, तर हलक्या रेल्वेची स्थानके अर्धा किंवा एक किलोमीटरवर, कधी त्याहूनही लांब असतात. वाट मोकळी असली, की दोन-तीन डबे एकाला एक जोडून लांब गाडी करता येते. गर्दीच्या रस्त्यात इतकी लांब गाडी वळवणे कठीण, म्हणून ट्राम बहुधा एकटी धावते. ट्राम तुम्हांला बाजाराच्या दारात सोडते, हलकी रेल्वे तुम्हांला एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात पोहोचवते. दोघींची कामे वेगळी आहेत. एकीला दुसरीपेक्षा चांगली म्हणणे म्हणजे हातगाडीची टेम्पोशी तुलना करण्यासारखे आहे.

वर पोर्टलंडचे नाव आले आहे. त्या शहरात ही दोन्ही वाहने आहेत. हलकी रेल्वे तेथे १९८६ मध्ये सुरू झाली आणि आधुनिक ट्राम २००१ मध्ये. ट्राम एका डब्याची, सुमारे वीस मीटर लांबीची असते. ती मोटारींच्या रांगेतूनच जाते. कोणी आपली मोटार रुळाला खेटून उभी केली, की ट्राम अडते. मुंबईत शंभर वर्षांपूर्वी अडायची, तशीच. हलकी रेल्वे दोन डब्यांची असते. दोनच का? शहराच्या मध्यभागी दोन चौकांमधले अंतर जेमतेम साठ मीटर आहे. याहून लांब गाडी थांब्यावर उभी राहिली, तर तिची शेपटी मागचा चौक अडवील. मोठी शहरे रुळांची योजना आखतात, तेव्हा अशी साधीच मापे शेवटी निर्णय घेतात. शहराच्या मध्यभागी ही रेल्वे रस्त्यावरूनच, पण राखीव मार्गिकेतून सावकाश जाते. बाहेर पडली, की स्वतःच्या रुळांवरून मोटारींच्या बरोबरीने धावते. तेव्हा दोघींमधली सीमारेषा अगदी ठळक नसते, हेही लक्षात ठेवा. एकच गाडी एका टोकाला ट्रामसारखी आणि दुसऱ्या टोकाला रेल्वेसारखी वागू शकते.

तुर्कस्तानातील इस्तंबूल शहराने तर ट्राम आधी काढून टाकली आणि मग परत आणली. शहराच्या युरोपीय भागातील जुन्या ट्राम १९६१ मध्ये आणि आशियाई भागातील १९६६ मध्ये बंद झाल्या. मुंबईसारखेच हेही मोटारींसाठीच झाले. पण मोटारी वाढल्या तशी कोंडीही वाढली. १९९० मध्ये इस्तिकलाल नावाच्या रस्त्यावर लाल रंगाची जुनी ट्राम पुन्हा सुरू झाली. त्या रस्त्यावर मोटारी बंद केल्या होत्या. ती ट्राम माणसांच्या गर्दीतून घंटा वाजवीत चालते आणि पाहुणे तिच्यात हौसेने बसतात. १९९२ मध्ये त्याच शहराने दुसरा, नव्या धर्तीचा मार्ग सुरू केला. तो सुलतान अहमद मशिदीजवळून जातो. त्याचे रूळ बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळे ठेवले आहेत आणि गाड्या एकामागून एक येत राहतात. तुर्की लोक या दोन्हींना ‘ट्रामवाय’च म्हणतात. पण पहिलीत माणसे हौस म्हणून बसतात आणि दुसरीतून कामावर जातात. नाव एक, जमीन वेगळी.

आपल्या देशात केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये हलक्या रेल्वेसाठी नियम ठरवले आणि तिला ‘मेट्रोलाइट’ असे नाव दिले. तीन डब्यांची गाडी, तिच्यात सुमारे ३०० प्रवासी, ताशी ६० किलोमीटरपर्यंत वेग आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना कुंपण, अशी तिची कल्पना आहे. ज्या मार्गावर गर्दीच्या वेळी एका दिशेला तासाला १५,००० पर्यंत प्रवासी असतील, त्या मार्गासाठी ती सुचवली आहे. याहून जास्त गर्दी असेल, तेथे मेट्रो हवी. ठाणे शहराभोवती जी वर्तुळाकार मेट्रो होणार आहे, तिच्यासाठीही मध्यंतरी मेट्रोऐवजी हलक्या रेल्वेचा विचार झाला होता. शेवटी मेट्रोच ठरली. १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिची लांबी २९ किलोमीटर आणि स्थानके २२ आहेत. त्यांतील २० स्थानके उंचावर आणि २ जमिनीखाली असतील. खर्च सुमारे १२,२०० कोटी रुपये आहे आणि २०२९ पर्यंत काम पूर्ण करायचे आहे. रस्त्याचा हक्क मिळवण्याचा हा सर्वांत महाग मार्ग आहे. मोटारींकडून जागा मागायची नाही, आपणच आकाशात किंवा भुयारात जायचे.

आता थोडे गणित करू. ३०० प्रवाशांची एक गाडी दर तीन मिनिटांनी सुटली, तर तासाला २० गाड्या होतील. २० गुणिले ३०० म्हणजे ६,००० प्रवासी. दोन गाड्या जोडून सोडल्या, तर १२,०००. हेच ६,००० प्रवासी बसने न्यायचे म्हटले आणि एका बसमध्ये ६० माणसे धरली, तर तासाला १०० बस लागतील. म्हणजे दर ३६ सेकंदांना एक बस. कळवा नाक्यावर दर ३६ सेकंदांना एक बस सुटते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. उलट, बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक माणसे नेते. अशा २० लोकल तासाला गेल्या, तर ८०,००० माणसे होतात. यावरून दोन गोष्टी समजतात. हलकी रेल्वे पुष्कळ बसचे काम करू शकते. पण लोकलचे काम ती करू शकत नाही. कोणी तसे सांगितले, तर त्याला हा हिशेब दाखवा.

कळव्याच्या माणसाला लोकलचे महत्त्व सांगावे लागत नाही. येथे कारशेड आहे. रात्री तेथे उभ्या राहिलेल्या रिकाम्या लोकल सकाळी निघतात. स्थानकावर येणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कितीतरी माणसे रूळ तुडवत कारशेडपर्यंत जातात आणि तेथेच गाडीत चढतात. हे नियमाविरुद्ध आहे आणि धोक्याचेही आहे. त्यांनाही ते माहीत असते.

रेल्वेनेही आपल्या परीने वाटा वेगळ्या केल्या आहेत. ठाण्याहून दिव्याकडे जाताना लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल पूर्वी एकमेकींच्या मार्गात येत. १९१६ मध्ये पारसिकच्या डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा काढून जलद गाड्यांसाठी जवळची वाट केली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा अशी पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. लोकलला वेगळी आणि लांबच्या गाड्यांना वेगळी वाट मिळावी, म्हणून ती बांधली. त्याच वर्षी खारेगावचे फाटकही गेले, हे तुम्ही वर वाचलेच आहे. तरीही गर्दी तेवढ्याने संपली नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही जणांचा मृत्यू झाला. ती माणसे हौस म्हणून दारात उभी नव्हती. आत जागा नव्हती.

मग हलकी रेल्वे कळव्याच्या काय उपयोगाची? सकाळी कळवा, खारेगाव, विटावा या भागांतून निघालेल्या सगळ्याच माणसांना मुंबईला जायचे नसते. कोणाला ठाण्याच्या बाजारपेठेत जायचे असते, कोणाला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, कोणाला कळव्याच्याच छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. जायचे अंतर चार-पाच किलोमीटर असते. पण रस्त्यावर खोळंबा असतो, म्हणून त्यांतले बरेच जण एक-दोन स्थानकांसाठी लोकलच्या गर्दीत घुसतात. अशा जवळच्या प्रवासासाठी मोकळी वाट असलेले वाहन मिळाले, तर लोकलच्या दारातली काही माणसे तरी कमी होतील. वाहन रुळांवरचे असो किंवा राखीव मार्गिकेतली साधी बस असो, वाट मोकळी हवी. मोटारींच्या रांगेत घुसणारी ट्राम येथे आणून मात्र काही उपयोग नाही. ती नाक्यावरच उभी राहील.

ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोची रेघ खाडीच्या पलीकडेच फिरते. ती कळव्यात येत नाही. कळव्यात येण्यासाठी खाडी ओलांडावी लागते आणि खाडीवर पूल आहे. वाहनांची संख्या वाढत गेली, तसा येथे नवा पूल बांधावा लागला. तिसरा कळवा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला. पोर्टलंड शहरातही नदीवर असाच एक नवा पूल २०१५ मध्ये बांधला. ‘टिलिकम क्रॉसिंग’ त्याचे नाव. त्या पुलावरून हलकी रेल्वे जाते, ट्राम जाते, बस जाते, सायकलवाले आणि पायी चालणारे जातात. खासगी मोटारींना मात्र त्यावर बंदी आहे. रस्त्याचा हक्क कोणाला द्यायचा, याचे त्या शहराने दिलेले ते उत्तर होते. सर्वांना ते पटले असेल, असे नाही. आपल्याकडे तर अशा पुलाची कल्पना ऐकून पुष्कळ लोक हसतील.

पण हसण्याआधी मोजून पाहायला हरकत नाही. एखाद्या सुट्टी नसलेल्या दिवशी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन सकाळी तासभर कळवा पुलाजवळच्या पदपथावर उभे राहा. वहीत दोन रकाने करा. एका रकान्यात मोटारी आणि प्रत्येक मोटारीत किती माणसे, हे लिहा. दुसऱ्या रकान्यात बस आणि प्रत्येक बसमध्ये अंदाजे किती माणसे, हे लिहा. मोटारींनी पुलाची किती जागा घेतली आणि बसने किती, याचाही अंदाज करा. मग ती वही वर्गात घेऊन या. पुलावरची एखादी मार्गिका राखून ठेवायची का, आणि ठेवायची तर कोणासाठी, यावर तेव्हा बोलू.